अकरा दिवसांचा ताप

त्या वर्षी आमच्या सेर्रोती गावात तापाने अकरा दिवसांच्या आत कुणीही मेलं नाही. निदान वहीत तरी नाही. एपिफान्यो न्हाव्याची वही उघडली की मार्चपासून ओळीने तेच: ताप, अकरा दिवस. पुढच्या ओळीत पुन्हा ताप, अकरा दिवस. तीन वर्षांचं पोर असो की चाळिशीतला खेचरवाला, सगळे मोजून मापून अकराव्या दिवशीच गेले. हे त्यांना शिकवलं कुणी म्हणाल, तर मी.

माझं नाव ओतिलिया. गावात ताप आला की झाडपाल्याचा काढा द्यायला मला बोलावत आणि माणूस गेला की अंघोळ घालून कपडे चढवायलाही मलाच. एपिफान्यो गमतीने म्हणायचा, ओतिलियाचा धंदा दोन्ही दारांनी चालतो. तो माझ्या लेकीचा, लिंदाउराचा, धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातावर धरलं होतं. त्या नात्याने मी त्याला कोंपाद्री म्हणायची, तो मला कोमाद्री. सख्ख्या भावापेक्षा हे नातं आम्ही जास्त मानतो, कारण भाऊ देव देतो आणि कोंपाद्री आपण निवडतो.

सरकारचा कायदा असा होता. ताप येऊन दहा दिवसांच्या आत माणूस दगावला, तर पुरण्याआधी त्याच्या काळजाचा, डॉक्टर ज्याला यकृत म्हणतात त्याचा, छोटा तुकडा काढायचा, औषधाच्या बाटलीत घालायचा आणि राजधानीला, रिओला पाठवायचा. तिथले लोक तो भिंगाखाली बघून सांगणार की पिवळा ताप होता की नाही. माणूस जिवंत असताना खात्रीने सांगता येत नाही, कारण हिवताप, कावीळ, सगळे सुरुवातीला सारखेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. दुखणं दहा दिवसांच्या पुढे गेलं असेल तर मात्र तुकडा नको. एवढ्या दिवसांनी काळजात खूण उरत नाही म्हणे. गावात वस्तरा धरणारा आणि लिहिता येणारा असा एपिफान्यो एकटाच, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याच्या कागदाशिवाय दफनभूमीचं फाटक उघडत नसे.

आदल्या वर्षी त्याने म्हाताऱ्या गाल्दिनोला कापलं. रिओहून उत्तर आलं, पिवळा ताप नाही. त्या दिवसापासून गाल्दिनोचे दोन मुलगे कोयते घेऊन न्हाव्याच्या दुकानासमोर बसू लागले. काही करत नसत, नुसते बसत. आठवडाभर गावात कुणाची दाढी झाली नाही. फुकट कापलं आमच्या बापाला, एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग त्या वर्षीच्या मार्चमध्ये कोताचा नेको गेला. कोता मडकी घडवणारी. आमच्या दहा घरांत तिच्याच रांजणांत पाणी साठवलेलं असायचं. नेको तिचा तीन वर्षांचा. आमच्याकडे एवढं लहान मूल गेलं तर रडत नाहीत, कारण आईची आसवं पंखांवर पडली तर देवदूताला उडता येत नाही. निळा झगा घालतात, फुलं लावतात, गात गात पोचवतात. कोताने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण एपिफान्यो दारात दिसला तशी तिने माझे पाय धरले. म्हणाली, मावशी, याला भोक पाडलं तर हा वर कसा जाईल? मी एपिफान्योला अंगणात नेलं आणि म्हटलं, अकरा लिही. तो म्हणाला, पाच दिवस झालेत. मी म्हटलं, तुला गाल्दिनोच्या पोरांचे कोयते कमी पडले का? त्याने अकरा लिहिलं. मला बरं वाटलं. आपण एका आईवर उपकार केले असं वाटलं, आणि असं वाटून घ्यायला मला आवडतं, हा माझा जुना दोष आहे.

उपकाराची बातमी गावात पसरायला किती वेळ लागतो? खेचरवाला ज्योव्हितो सहाव्या दिवशी गेला, त्याची बायको दारातूनच म्हणाली, अकरा झाले बरं का. कोताचा नवरा आन्सेल्मो सातव्या दिवशी गेला. मास्तरांची बहीण आठव्या. मे महिना संपेपर्यंत आठ जण झाले आणि आठही अकराचे. मी प्रत्येकाला धुतलं होतं. पिवळे डोळे, हिरड्यांना सुकलेलं रक्त, ओठांच्या कोपऱ्यात कॉफीच्या गाळासारखी काळी वांती. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मे अखेरीस डॉक्टर आर्रूदा घोड्यावरून आले. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, वही बघायचे, रांजणांत काठी घालून हा ताप पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या बघायचे, आणि पाणी ओतून द्यायला लावून बायकांच्या शिव्या खायचे. या वेळी वही चाळून झाल्यावर ते माझ्याकडे कॉफी प्यायला आले.

“बाई, तुमच्या गावात मरण मोठं शिस्तीचं आहे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, देवाची इच्छा. त्यांनी कप खाली ठेवला. चिडले असतील असं वाटलं, पण चेहरा नुसता थकलेला होता. म्हणाले, “मला एक तुकडा द्या. एकच, नखाएवढा. तो पिवळा निघाला की लस घेऊन गाडी इथे उभी करतो. तोवर मला कुणी लस देणार नाही. बाटल्या मूठभर आणि गावं शेकडो. ज्याचा पुरावा, त्याची लस.”

माझी नात दाल्वा, लिंदाउराची चार वर्षांची, त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचा खेळ खेळत होती. मी विचारलं, लस टोचली की ताप येतच नाही? त्यांनी सांगितलं, टोचून दहा दिवस गेले की नाही येत. मग दाल्वाकडे बघत राहिले. मीही बघितलं. आणि गप्प बसले. आठ घरांनी विश्वासाने माझ्या पदरात टाकलेलं खोटं होतं ते. एकाचं उघड केलं की सगळ्यांचं उघडं पडणार. शिवाय आपल्या घरात काही झालेलं नव्हतं. माणसाचं शहाणपण आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबतं.

जाताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. या तापात एरंडेल देऊ नका, घाम काढू नका. पाणी, साखर, लिंबू, मच्छरदाणी आणि अंधारी खोली. बाकी आमच्याकडेही काही औषध नाही, असं स्पष्ट म्हणाले. दुसरी गोष्ट, संशय आला तर रोग्याची लघवी चमच्यात घेऊन दिव्यावर तापवा, व्हिनेगरचा थेंब टाका. अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली तर समजा.

लिंदाउरा जूनच्या पहिल्या सोमवारी पडली. सकाळी मका सोलत होती, दुपारी म्हणाली, आई, कंबरेत कुणी पहार घातलीय. संध्याकाळी डोळे लाल, चेहरा उन्हात करपल्यासारखा. तिचा नवरा दक्षिणेकडे कापसाच्या कामाला गेलेला, त्याचं वर्षभर पत्र नव्हतं. मी लगेच दाल्वाला कोताकडे नेऊन सोडलं. कोताने स्वतःच्या लेकीशेजारी दाल्वाची झोपायची झोळी बांधली.

मंगळवारी मी लिंदाउराचं मनगट धरलं. ताप असा की हात भाजावा. एरवी एवढ्या तापात नाडी धावते. तिची नाडी सावकाश चालली होती, आणि बुधवारी ताप तेवढाच असून ती आणखी मंद झाली. ताप वर आणि नाडी खाली, हे मी आठ घरांत मोजलं होतं. जीभ मध्ये पांढरी आणि कडेने लालभडक. तरी मी चमचा घेतला. एखाद्या वेळी आपली बोटं चुकतात, चमचा चुकणार नाही, असं स्वतःला समजावलं. दिव्यावर धरला, व्हिनेगर टाकलं. साकळलं. मी चमचा धुतला, पुन्हा केलं. पुन्हा साकळलं.

एरंडेल दिलं नाही. नेकोला दिलं होतं, आन्सेल्मोलाही. लिंदाउराला घोट घोट लिंबूपाणी पाजत राहिले, कपाळावर ओली घडी बदलत राहिले. मच्छरदाणी कधी उघडी ठेवली नाही. हे सगळं मला येत होतं आणि यातलं काहीही औषध नव्हतं.

गुरुवारी ताप उतरला. सकाळी ती झोळीत उठून बसली, केस विंचरायला फणी मागितली आणि म्हणाली, भूक लागलीय. सेंट जॉनचा सण जवळ आला होता, घरोघरी ओला मका आलेला. मी मक्याची खीर केली. तिने वाटीभर खाल्ली. शेजारणी आल्या, कुणी गुडघे टेकून आभाराची प्रार्थना म्हटली. आता खरं सांगते. या तापात चौथ्या दिवशी असा उतार पडतो, तो फसवा असतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी खरं दुखणं परत येतं, हे गावात मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी अशा वेळी मी मान हलवून बाहेर पडायची. आणि त्या दिवशी मी स्वतः खिरीत जास्तीची साखर घातली. मनात म्हटलं, काही जण चौथ्या दिवशी बरेही होतात. होतात, हेही खरं आहे.

दुपारी ती हसून म्हणाली, “आज कितवा दिवस गं?”

“चौथा.”

“मग अजून सात दिवस मला नीट सांभाळ. मध्येच गेले तर तुझं खोटं पडायचं.”

मी तिला चापट मारल्यासारखं केलं आणि आम्ही दोघी हसलो. लिंदाउराच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. तो गुण तिला माझ्याकडूनच मिळालेला. त्या क्षणी तिला विचारता आलं असतं. तसं झालंच तर तुकडा देऊ का, एवढंच. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, असं मला आजही वाटतं.

शुक्रवारी सकाळी डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं. दुपारी नाकातून रक्त, संध्याकाळी काळी वांती. शनिवारी लघवी बंद झाली. रविवारी तिने मला ओळखलं नाही, पण दाल्वाला हाक मारत राहिली. दुपारची प्रार्थना सुटून लोक घरी येत होते तेव्हा ती गेली. सोमवार ते रविवार, सात दिवस.

मी पाणी तापत ठेवलं. कोता आली, मास्तरांच्या घरच्या दोघी आल्या. आम्ही तिला जमिनीवर चटईवर घेतलं. मी तिचे हात धूत होते, तेवढ्यात एपिफान्यो आला. टोपी हातात, डोळे सुजलेले, आणि दुसऱ्या हातात कागद. माझ्यासाठी तयारच करून आणला होता. मला वाचता येत नाही, पण शेजारी शेजारी उभे अकराचे ते दोन दांडे मी चांगले ओळखत होते.

“खोड ते,” मी म्हटलं. “सात लिही.”

त्याला वाटलं मी भ्रमात आहे. जवळ बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, कोमाद्री, तू विश्रांती घे, बाकीचं मी बघतो.

“सात दिवस झाले, कोंपाद्री. सात लिही आणि ते हत्यार घेऊन ये.”

त्याचा हात खांद्यावरून निघाला. “सात लिहिलं तर मला ते करावं लागेल.”

“कर.”

“मी हिला हातावर धरलंय. पाद्री पाणी ओतत होता तेव्हा हिने माझं बोट धरलं होतं. धर्मबाप लेकीला पातं लावतो का? मला नरकात तरी उभं करतील का?”

कोता इतका वेळ खाली मान घालून पाय पुसत होती. आता तिने फडकं टाकलं. “मावशी, हे काय काढलंस आता? नेकोच्या वेळी तूच म्हणालीस, पोर अख्खं जाऊ दे.”

“म्हणाले होते.”

“मग? आमची लाडकी होती, तुझी नाही का?”

दाल्वा तुझ्या घरी झोपलीय, तिच्या शेजारी तुझी लेक झोपलीय, त्याच खोलीत तुझे भरलेले रांजण आहेत, असं काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, “गाडी यायला पाहिजे.” कोता उठली. तिच्या मागोमाग त्या दोघीही उठल्या. गावाचं झाकलेलं आता उघडं पडणार, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असणार. जाताना एकीने माझ्याकडे बघून क्रूसाची खूण केली.

एपिफान्यो भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, तू नको करूस. आण फक्त. त्याने टोपी डोक्यावर ठेवली. मग गेला आणि मेणकापडात गुंडाळलेलं ते घेऊन आला. वीतभर लांब, पोलादी, चौकोनी नळी, पुढे टोक आणि आत सरकणारं पातं. वापरत नसला तरी दर शनिवारी तो त्याला वस्त्र्याबरोबर तेल लावायचा. चकचकीत होतं. मला त्याचा राग आला.

त्याने मला आतापर्यंत कधी ते हातात घेऊ दिलं नव्हतं. आता खुंटीला धरून, तोंड भिंतीकडे करून सांगू लागला. “उजवीकडे, शेवटच्या फासळीच्या खाली. सापडलं?” सापडलं. मी आयुष्यभर शरीरं धुतली, कुठे हाड संपतं आणि कुठे मऊ लागतं ते मला डोळे मिटून कळतं. आणि हे शरीर तर मीच वाढवलेलं. “टोक वर, डाव्या खांद्याकडे. आता जोर लाव.” मी जोर लावला. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागतो. “दांडा दाब. ओढ.” मी ओढलं.

मी गुरांची काळजं खूप पाहिली आहेत, गर्द लाल असतात. नळीत आलेला तुकडा फिकट पिवळा होता, उकडलेल्या भोपळ्यासारखा, आणि बोटाला भुसभुशीत लागला. रिओच्या भिंगाची मला गरज उरली नाही. तुकडा बाटलीत घातला, एपिफान्योने बूच लावून मेण ओतलं. भोकात कापूस भरला. तिला तिचा फुलांचा झगा घातला, वरून काही दिसत नव्हतं. मग मी रडले. ती मोठी होती, तिच्यासाठी रडायला बंदी नव्हती.

दफनाला आम्ही चार माणसं होतो. बायकांपैकी कुणी गायला आली नाही.

संध्याकाळी कोता दाल्वाला घेऊन आली. उंबऱ्याशी तिला उभी केली, तिची झोळी गुंडाळून शेजारी ठेवली आणि वळून गेली. त्यानंतर मला वाळीतच टाकलं गावाने. काढा मागायला कुणी येईना. विहिरीवर गेले की बायका हंडे उचलून बाजूला होत. सणाच्या शेकोट्या पेटल्या, मुलं मका भाजत होती, दाल्वा दारातून बघत होती. कुणीतरी ओरडलं, तिकडे जाऊ नका, काळीजकापी राहते. ती लहान, तिला वाटलं हा नवा खेळ. ती पण मोठ्याने म्हणाली, काळीजकापी.

बाटली खेचरावरून रेल्वेपर्यंत आणि तिथून पुढे रिओला गेली. मी दिवस मोजायचे. दिवसातून दहा वेळा दाल्वाच्या कपाळाला हात लावायचे. एकदा तिला उन्हात खेळून घाम आला होता, चेहरा लाल. मी तिला मांडीवर घेऊन मनगट धरून बसले. नाडी भराभर चालली होती, खेळणाऱ्या पोराची असते तशी. तरी अर्धा दिवस मी ते मनगट सोडलं नाही. मी दाल्वाच्या जिवाचा सौदा केला होता आणि दुसऱ्या बाजूकडून उत्तर येत नव्हतं. उशीर झाला तर लिंदाउराला कापलं तेही फुकट.

त्या दिवसांत आणखी दोघं गेली. मला धुवायला बोलावलं नाही. एपिफान्योने दोन्हीकडे अकराच लिहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, एक बाटली गेलीय, आता दुसरी कशाला? माझ्यातही बोलायचं त्राण नव्हतं.

सव्वीसाव्या दिवशी सकाळी ट्रक आला. मागे पेट्या, बर्फ, तीन माणसं, आणि पुढे डॉक्टर आर्रूदा. चर्चच्या सावलीत टेबल मांडलं. रिओहून आलेली तार त्यांनी पायरीवर उभं राहून वाचून दाखवली, तुकडा पिवळ्या तापाचाच निघाला होता, आणि सगळ्यांना रांगेत यायला सांगितलं. गाव आलं. मला घाबरणारं गाव सुईला घाबरत नव्हतं, कारण मागच्याच आठवड्यातली ती दोन मरणं ताजी होती. मी दाल्वाला घेऊन उभी राहिले. आमच्या पुढे चार माणसं सोडून कोता होती, कडेवर तिची लेक. दाल्वाला टोचलं तेव्हा ती ओरडली नाही. डॉक्टरांच्या बुटाकडे बघत होती.

मला वाटलं, झालं. जे हवं होतं ते मिळालं. आता फक्त दहा दिवस.

डॉक्टरांनी वही मागवली. एपिफान्यो ती छातीशी धरून आला. डॉक्टर त्याला म्हणाले, नमुना फार चांगला आला होता, पुरेसा आणि स्वच्छ, तिकडे कौतुक झालं. एपिफान्यो जमिनीकडे बघत राहिला.

“मी काढला,” मी म्हटलं. “माझ्या लेकीचा होता.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, “बाई, एक नीट सांगा. मला लसीच्या पथकाला सांगावं लागेल की हा ताप गावात कधीपासून आहे. ही पहिलीच का?”

पहिलीच म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. एपिफान्यो सुटला असता. ज्यांनी माझ्या भरवशावर आपलं माणूस अख्खं पुरलं होतं, ती सगळी त्याच रांगेत होती. हो म्हणावं असं मला खूप वाटलं.

“नववी,” मी म्हटलं. “अकरा दिवस सगळीकडे मीच लिहायला लावले. लिहा. नेको, तीन वर्षांचा, पाच दिवस. मार्च.”

ते लिहू लागले. रांगेतलं बोलणं थांबलं.

“ज्योव्हितो, सहा दिवस. आन्सेल्मो, सात दिवस. एप्रिल.”

कोता मागे वळली. तिची लेक दंड चोळत होती. कोताला हिशेब कळायला वेळ लागला नाही. मार्चमध्ये नेकोचा तुकडा गेला असता तर एप्रिलमध्ये गाडी इथेच उभी असती. नवरा असता. मला वाटलं ती अंगावर धावून येईल, आणि यावी असंही वाटलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी आई होते,” ती म्हणाली. “पाय धरणारच. तुला माहीत होतं ना, मावशी? तू नाही म्हणायचं होतंस.”

“हो,” मी म्हटलं.

ती तशीच उभी होती. डॉक्टरांनी लेखणी शाईत बुडवली आणि पुढचं नाव विचारलं. मी मास्तरांच्या बहिणीचं नाव सांगितलं आणि आठ दिवस म्हणाले.